गुरुवारचे पाहुणे

आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख मिनल गायकवाड मॅडम, मत्स्यपैदास केंद्राचे सल्लागार डॉ. बुद्धरत्न साळवे सर, सत्कारमूर्ती ज्योतीराम वाळुंज, त्यांच्या पत्नी यशोदाबाई, आणि पहिली शिफ्ट संपवून, चाकण चौकातली कोंडी पार करून मोशीच्या या सभागृहात वेळेवर पोचलेल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

वेळेवर पोचलात हेच खरं तर सत्कार करण्यासारखं आहे.

जनसंपर्क विभागात माझी चोवीस वर्षं गेली. कंपनीचं मासिक एकदाही उशिरा निघालं नाही. मुदतीत लिहून देणारा माणूस म्हणूनच मला आज बोलायला सांगितलं असावं. पण आज जे सांगायचं आहे, त्याला दोन वर्षं उशीर झालाय.

ज्योतीरामभाऊ पाणी शुद्धीकरण विभागात पंप चालवायचे. कंपनीनं नदीतून नाहीसा होत चाललेला खडस मासा वाढवायचं ठरवलं, तेव्हा साळवे सरांनी त्यांनाच मागून घेतलं. अंडी ट्रेमध्ये उबवायची, पिल्लं वाहत्या पाण्याच्या टाकीत वाढवायची आणि वीतभर झाली की भामा नदीत सोडायची, असं ते काम. त्यात एक नियम होता. माशांना माणूस दिसता कामा नये. टाकीभोवती हिरवा पडदा, आणि खाद्य पाण्याखालच्या नळीतून. माणूस म्हणजे खाऊ, असं एकदा माशाच्या डोक्यात बसलं की नदीत तो वाचत नाही.

आता आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणा आला की त्याला प्लांट दाखवायचा, चहा द्यायचा आणि काहीतरी बघितल्याचं समाधान देऊन पाठवायचं. पाहुणे केंद्रात यायचे, पडद्याच्या फटीतून वाकून बघायचे, मासे तळाशी दडून बसलेले. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो वाळुंज, एवढ्या लांबून आलेत लोक, नुसतं पाणी बघून जायचं का त्यांनी?"

ते म्हणाले, "लपत्यात त्येच बरं हाय, साहेब. तेवढंच तर शिकवतोय त्यान्ला. तुमाला लपनारं नको, तर रंगीत मासं आना, काचंत ठिवा."

सगळे हसले. मीही हसलो. आणि मला ते लागलं.

आपली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी ज्योतीरामभाऊ घरी असत आणि बदली पंपवाला पडद्याच्या आत जात नसे. केंद्राची दुसरी किल्ली सुरक्षा कार्यालयात होती. मी गुरुवारी पाहुणे बोलवू लागलो. पडदा बाजूला करायचो आणि वाटीभर खाद्य पाहुण्यांच्या हातात द्यायचो. पहिल्या गुरुवारी एकही मासा वर आला नाही. पाचव्या गुरुवारपासून आमची सावली पडली की टाकीत उकळी फुटल्यासारखं व्हायचं. पाहुणे खूश, फोटो उत्तम. सात महिने हे चाललं. ज्योतीरामभाऊंना मी सांगितलं नाही.

मग तीनशे मासे नदीत सोडले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी बातमी छापली.

मासे काठ सोडेनात. धुणं धुणाऱ्या बायकांच्या पायाशी यायचे. भाकरी खायला कोणी दगडावर बसला की समोर गोळा व्हायचे. लोकांनी टोपलीनं धरले. लोकांचा काय दोष? ज्योतीरामभाऊ रोज शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून जाऊन पाण्यात दगड मारत, मासे आत हाकलत. नवव्या दिवशी हाकलायलाही काही उरलं नव्हतं.

चौकशी झाली. माशांना माणसाची सवय कोणी लावली? किल्ली वाळुंजांकडे, निगा वाळुंजांची; दुसऱ्या किल्लीचं कोणी विचारलंच नाही. ते एवढंच म्हणाले, "म्या न्हाई लावली." त्या बैठकीत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो आणि टिपणं घेत होतो. त्यांना मेमो मिळाला, केंद्रातून काढून बागेत टाकलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं या माणसानं गवत कापलं. मासिकात 'हाताळणीतील त्रुटी' हे शब्द छापून आले. ते माझे शब्द आहेत.

आज कार्यक्रमाआधी, मागच्या बाजूला चहा चालला होता तिथे, मी त्यांना हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील.

ते म्हणाले, "मला ठावं व्हतं, साहेब. शुक्रवारी गेलो की मासं खाली जायाचंच न्हाईत. भुकेलं आसत्याल म्हनून पयल्यांदा दुर्लक्ष केलं, ती माजी चूक. मासं नदीत काठाला आलं तवा समदं कळलं."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"तुमी शेजारीच बसला व्हता की. म्हनलं, आता बोलत्याल, मग बोलत्याल."

यशोदावहिनी कप खाली ठेवून म्हणाल्या, "आन तुमी रोज बागंवरून जाताना ह्यान्ला रामराम घालीत व्हता. लई मोठं काळीज तुमचं."

मेमोतला आरोप खोटा होता, असं सहीनिशी पत्र मी सकाळीच मिनल मॅडमना दिलं आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल. पुढच्या महिन्यात दुसरी खेप नदीत सोडायची आहे. मासे सोडण्याजोगे झालेत की नाही, हे ज्योतीरामभाऊंनी ठरवावं, अशी साळवे सरांना विनंती आहे. आता ते निवृत्त आहेत, नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी विचारलं तेव्हा "बगू" एवढंच म्हणाले.

कार्यक्रमपत्रिकेत शाल घालण्याचा मान माझ्या नावापुढे छापला आहे. ती मिनल मॅडमनी घालावी.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. वक्ता शेवटी उणंदुणं पदरात घ्या म्हणतो आणि सभा ते घेते. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तेवढंच आपण पोटात घाला. बाकीचं घालू नका. त्याची माफी वाळुंज कुटुंबानं द्यायची की नाही, ते त्यांच्या घरी ठरेल.