एकशे वीस ग्रॅम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संचालक, प्रसूतिगृहाच्या अधीक्षिका, माझे सहकारी, बाळांना मांडीवर घेऊन मागच्या रांगांत बसलेल्या आया, आणि आजच्या उत्सवमूर्ती, म्हणजे आपल्या सिस्टर,

मला दहा मिनिटं दिली आहेत. निघताना आमच्या सौभाग्यवतींनी बजावलंय, "अकरावं मिनिट लागलं तर सिस्टर सगळ्यांसमोर उभं राहून सांगतील." बघा, त्यांनी घड्याळाकडे पाहायला सुरुवातही केली!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्मलेल्या बाळाचं वजन करून रजिस्टरमध्ये लिहिणं, हे काम सिस्टरनी इथे एकोणतीस वर्षं केलं. काट्यावर दोन हजार चारशे सत्तर दिसलं, की त्या दोन हजार चारशे सत्तरच लिहिणार. "अडीच किलो म्हणा की हो," असं साक्षात देवाने येऊन सांगितलं तरी ऐकणार नाहीत. पाठीमागे सगळे त्यांना 'ग्रॅमबाई' म्हणतात. सिस्टर, तुम्हाला माहीत नसेल तर आज कळलं.

आठ वर्षांपूर्वी मी इथे एक संशोधन सुरू केलं. अडीच किलोच्या आतल्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब दिली, दर दोन तासांनी दूध पाजलं आणि आठवडाभर वॉर्डातच ठेवलं, तर ते पुढे कमी आजारी पडतं का? एवढाच साधा प्रश्न होता. पण वर्षभराचे आकडे पाहून मी चक्रावलो. तेवीसशे ग्रॅमची बाळं ठणठणीत, आणि बरोब्बर अडीच किलोची बाळं आजारी होऊन परत! असं कुठे असतं का? पण मी पडलो विद्वान. मी त्यावर बावीस पानांचा सिद्धांत लिहून काढला.

खरं कारण अख्ख्या वॉर्डाला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. अडीचच्या आत आकडा लिहिला की आई आठवडाभर अडकायची. घरी मोठं मूल वाट बघतंय, सासूबाई पिशवी भरून दारात उभ्या. मग लिहिणारीचं मन विरघळायचं आणि चोवीसशे ग्रॅमचे अडीच किलो व्हायचे. फक्त आपल्या सिस्टरच्या पाळीत बाळं हलकी निघायची. नातेवाइकांच्या तक्रारी आल्या, आणि मी काय केलं? त्यांचा काटा बिघडलाय म्हणून तो तीनदा तपासायला पाठवला! तिन्ही वेळा बरोबर निघाला. तिसऱ्यांदा काटा टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "सर, आता मलाही तपासायला पाठवा." मी तेव्हा हसलो नाही, चिडलो होतो.

मग माझ्या लेकीची प्रसूती झाली. नात! काट्यावर दोन हजार तीनशे ऐंशी. लेक म्हणाली, "बाबा, मला घरी जायचंय हो." मी सिस्टरच्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या हाताने लिहिलं, दोन हजार पाचशे.

"सर, एकशे वीस ग्रॅम कुठून आणले?"

"आजोबा आहे मी तिचा!"

"म्हणून तर विचारलं," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आमच्या दारात. त्यांचा सुट्टीचा दिवस, खांद्याला काट्याची पिशवी. घरात कौतुक चाललेलं, किती गुणाचं बाळ, रडत म्हणून नाही! त्यांनी बाळाच्या तळपायाला हात लावला. "गार पडलंय. दूध कधी प्यालं?" कुणालाच सांगता येईना. मंडळी, मी बाळांचा डॉक्टर, आणि मी बाहेरच्या खोलीत फोनवर अभिनंदन स्वीकारत होतो! सिस्टरनी बाळाला लेकीच्या छातीशी लावलं, वरून शाल गुंडाळली आणि आम्हाला थेट दवाखान्यात नेलं. गाडी जावईबापूंनी चालवली.

चौथ्या दिवशी वॉर्डात पोरीने असं भोकाड पसरलं, की शेजारच्या खोलीतल्या बायका बघायला आल्या. ते ऐकून मीही रडलो, त्यात लाज कसली!

त्याच दिवशी सिस्टरनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. खाडाखोड चालणार नाही, चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून खरा आकडा लिहायचा आणि सही करायची, हा माझाच नियम. मी रेघ मारली, सही केली आणि ते पान सगळ्या स्टाफसमोर वाचलं. कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "सर, आम्हीपण." मग दुसरी, मग तिसरी. रजिस्टरमधली अडीच किलोची निम्मी बाळं अडीचची नव्हतीच!

बावीस पानं टोपलीत गेली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सिस्टर सासूबाईंनाच आत बोलवायच्या, बाळ त्यांच्या छातीशी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्हीच सांगा, कधी न्यायचं घरी?" चार वर्षं, अठराशे बेचाळीस बाळं, आणि एकही आकडा गोल केलेला नाही. आजारी होऊन परत येणारी लहान बाळं पूर्वीच्या एक तृतीयांशावर आली. मंडळी, एक तृतीयांशावर! गेल्या महिन्यात सरकारी पत्र आलं, आपली पद्धत आता राज्यातल्या सगळ्या प्रसूतिगृहांत लागू झाली. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव सिस्टरचं आहे, दुसरं माझं. वाजवा टाळ्या, जोरात वाजवा, बाळं उठली तर उठू देत!

पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेली ती दोन वेण्यांची मुलगी पाहिलीत? सात वर्षांची आहे. सकाळी तिचं वजन केलं आणि मी म्हणालो, "एकवीस किलो." बाईसाहेब काट्यावरून उतरेचनात. "आजोबा, आणि सहाशे चाळीस ग्रॅम?"

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही अधिक-उणं झालं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्यावं. सिस्टर मात्र सोडणार नाहीत, आणि त्यांनी सोडूही नये. त्या दिवशी मी रेघ मारली, सही केली, पण माफी मागितली नाही. आज मागतो. सिस्टर, त्या एकशे वीस ग्रॅमसाठी मला क्षमा करा.

ये गं पोरी, वर ये. गुच्छ तू दे त्यांना.