माझ्या नावाने उघडलेली मशिनं

“ताई, सर्व्हर खोटं बोलत नाही! ऑर्डरची फाइल जेवणाच्या सुट्टीत तुमच्याच नावाने डिलीट झालीय.” आमचे मॅनेजर नाईक सगळ्या ऑफिससमोर माझ्यावर ओरडत होते.

नवघरच्या त्या भांड्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर नुकतेच सर्व्हरला जोडलेले. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. पण नाईकसाहेबांना स्वतःचा पासवर्ड लक्षात राहीना. मग त्यांनीच फर्मान काढलं, ताई सकाळी लवकर येतात, त्यांनीच आपल्या नावाने सगळी मशिनं उघडून ठेवायची. आणि आता चोर कोण, तर मी!

“मी तेव्हा डबा खात होते. तुमचंही मशीन माझ्याच नावाने उघडं होतं, त्यावर कोण बसलं होतं?”

“ते मला नका विचारू. नाव तुमचं आहे, मेमो तुम्हालाच मिळणार.”

असं माझं डोकं फिरलं म्हणता! मी तिथल्या तिथे माझा पासवर्ड बदलला आणि एकेक करून सगळी मशिनं बंद केली. तेवढ्यात शेठचा फोन आला, त्यांना कॉम्प्युटरमधले भांड्यांचे रेट हवे होते. साहेब घामाघूम. “अहो ताई, उघडा ना लवकर!”

मी म्हटलं, “सर्व्हर खोटं बोलत नाही ना साहेब, मग आता त्याला स्वतःचं नाव सांगून आत जा!”