माशांचं सुतक

(गिरगावातल्या एका घराचं मागलं दार. उंबऱ्याशी मंजुळाआजी, पायरीवर टोपली उतरवून बसलेली जाईबाई कोळीण. मंजुळाआजीच्या भावाची नात नलू वही घेऊन आत बसली आहे.)

मंजुळाआजी: पंच्याण्णव साल. अठराशे पंच्याण्णव. तसंच लिही. ही जाई शहाण्णव म्हणेल, तिचं ऐकू नकोस.

जाईबाई: शहाण्णवच व्हतं.

मंजुळाआजी: शहाण्णवात गाठीचा ताप, प्लेग आला. तापाच्या साली सभा कोण भरवतंय? माणसं मुंबई सोडून पळत होती. पंच्याण्णवच. मी नऊ वर्षांची, आणि ही माझ्याहून वीतभर उंच, आईचा पदर धरून टोपलीमागे यायची.

नलू: साल राहू दे ग आजी. शनिवारी कॉलेजात वादविवाद आहे, देव आहे की नाही. मला एवढंच सांग, आजोबा त्या सभेत कुठल्या बाजूने बोलले?

मंजुळाआजी: एका शब्दात सांगण्यासारखं असतं तर त्याने स्वतःच नसतं का तुला सांगितलं? नीट ऐक. आमचे अण्णा कस्टम हाउसात कारकून. आदल्या मार्गशीर्षात ते गेले. रमाकांत, म्हणजे तुझे आजोबा, एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा, कॉलेजात. अण्णांचं वर्षश्राद्ध वद्य पंचमीला यायचं होतं, आणि त्याच्या आठ दिवस आधी समोरच्या शाळेच्या पटांगणात ती सभा. तीन संध्याकाळ चालली. एकीकडे एक शास्त्रीबुवा, दुसरीकडे देव नाहीच म्हणणारे एक वकील. तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या मुलांना बोलू दिलं.

नलू: आणि पणजी ऐकायला गेली?

मंजुळाआजी: वर्षाच्या आत विधवा बाई उंबरा ओलांडते होय? पण आमची गॅलरी पटांगणावरच. आईने चिकाचा पडदा सोडला, दिवा मालवला आणि मला मांडीशी घेऊन बसली. रमाकांत उभा राहिला तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

नलू: उत्क्रांतीवर बोलले ना?

मंजुळाआजी: तो शब्द तेव्हा आम्ही ऐकलाही नव्हता. तो म्हणाला, माणूस कोणी घडवून ठेवलेला नाही. आधी पाण्यातले जीव, मग मासे, मग चार पायांचे, मग माकडासारखे आणि मग आपण. मासे आपले आप्त आहेत म्हणाला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी त्याचं डोकं फिरलं बघ, आणि तो सगळ्यांसमोर बोलून गेला की येत्या पंचमीला माझ्या वडिलांचं श्राद्ध आहे, ते मी करणार नाही.

जाईबाई: अरे देवा.

मंजुळाआजी: आता काय अरे देवा करतेस? पन्नास वर्षं झाली.

नलू: मग पणजी रडली असेल.

मंजुळाआजी: तेच तर. तो घरी आला तो रडारडीची तयारी करूनच. आईने मुकाट्याने पान वाढलं. स्वतः तिने मासे सोडले होते, आमच्यासाठी रांधायची. त्याच्या पानात बोंबील वाढले आणि विचारलं, "आप्त म्हणालास ते खरं, की टाळ्यांसाठी?" तो म्हणाला खरं. "जवळचे की लांबचे?" तो म्हणाला, "फार लांबचे. भाऊबंद म्हण." आई "बरं" म्हणाली आणि त्याच्या पानातले बोंबील उचलून घेऊन गेली.

नलू: का?

मंजुळाआजी: भाऊबंद मेला की सुतक नाही का? आणि सुतकात श्राद्ध होत नाही.

नलू: माशांचं सुतक?

मंजुळाआजी: हस, हस. भटजीही असेच बघत राहिले. आईने त्यांना बोलावून सांगितलं, घरात रोज भाऊबंद मरताहेत, पण लांबचे आहेत, तेव्हा तीन दिवस पुरे ना? भटजींनी पंचांग उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माशाचं कुठे लिहिलेलं नाही म्हणाले. आई म्हणाली, लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल, माझ्या मुलाला ठाऊक आहे.

जाईबाई: आनि दुसऱ्या दिसाला आमी या पायरीवर आलो तर दार बंद.

मंजुळाआजी: मेल्याची बातमी कळली की नवं सुतक लागतं. कळलीच नाही तर लागत नाही. म्हणून आईने मागलं दार बंद केलं.

जाईबाई: तुजी आय आतून माज्या आयेला बोलते कशी, पुतळाबाई, पंचमीपातूर येऊ नको, आनि काय धरलंस तां मला सांगू नको. माजी आय चिडली. बोलली, सुभद्राबाय, तुजे भाऊबंद तर आमी कोन? खुनी? मंग आतून आवाज आला, सुकट असली तर दे, ती मरून तीन दीस झाले असतीलच.

नलू: आजी, ती खरंच भोळी होती, की आजोबांना चिमटे काढत होती?

जाईबाई: चिमटे. माजी आय बोलायची, ती बाय लई हुशार.

मंजुळाआजी: मला नाही तसं वाटत. तीन दिवस तिने पायात वहाण घातली नाही, जमिनीवर निजली, अण्णांचे वडील गेले तेव्हा पाळलं होतं तसं सगळं पाळलं. चिमटे काढणारी बाई एवढं करत नाही. पण कधी वाटतं, जाईचंही खरं असेल. तिला एवढंच हवं होतं की अण्णा सुटावेत. म्हणायची, वर्षभर ते दारात उभे आहेत ग, मुलाने हात दिल्याशिवाय वाडवडिलांत कसे जातील? चौथ्या दिवशी न्हाली आणि रमाकांतसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझे भाऊबंद मी पाळले. आता माझा एक माणूस तू पाळ."

नलू: मग?

मंजुळाआजी: त्याने चारचौघांत शब्द दिलेला. पंचमीला उजाडता उजाडता न खातापिता निघून गेला. भटजी येऊन बसले, पिंडांचा भात निवला, आई दाराशी. बारा वाजून गेले तेव्हा आला, ओल्या धोतराने, पायाला चिखल. पाटावर बसला. कुठे गेला होता ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जाईबाई: माजगावला. आमच्या कोळीवाड्यात.

मंजुळाआजी: काय?

जाईबाई: मी व्हते ना तितं. चालत आला, घोडपदेवावरनं. माजा बापूस धर्मा जाळं शिवत बसलेला. ह्यो आयेला बोलला, माज्यापायी तुजी टोपली भरलेली परत आली, माफ कर. आय बोलली, तां ऱ्हाऊ दे. मंग इचारतो, पुतळाबाई, तुजा भाऊ लहू दर्यात गेला, तो गावला नाय. त्याच्या नावानं भात ठेवतेस? ठेवते, आय बोलली. तो बोलला, त्याला पोचतो काय?

मंजुळाआजी: हे तू मला पन्नास वर्षांत सांगितलं नाहीस?

जाईबाई: तू कदी इचारलंस?

नलू: पुतळाबाई काय म्हणाली?

जाईबाई: बोलली, "पोचतो का नाय, मला काय ठावं? नाय ठेवला तर त्या दिसाला मला घास उतरत नाय." तो बोलला, म्हंजे तां तुज्यासाठी झालं, त्याच्यासाठी नाय. तवा आय बोलली, "मंग? मी कोन नाय काय?"

मंजुळाआजी: असं म्हणाली?

जाईबाई: हो. मंग तो दर्यात उतरला, बुडी मारली आनि तसाच ओलेत्यानं गेला.

मंजुळाआजी: पाटावर बसून तिन्ही पिढ्यांची नावं खणखणीत घेतली त्याने. उठल्यावर आईने विचारलं, मनापासून केलंस? तो म्हणाला, नाही. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. आई म्हणाली, बरं, हातपाय धू, जेवायला बस.

नलू: पण म्हणजे आजोबांनी शब्द मोडला.

मंजुळाआजी: मोडला, आणि सांगितलंही. पुढच्या सभेत स्वतःहून उभा राहिला. म्हणाला, मी श्राद्ध केलं. शास्त्रीबुवांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, पण मी मानत नाही. तेव्हा वकिलांच्या माणसांनी वाजवल्या. मग कोणालाच काही कळेना, आणि दोन्हीकडून आरडाओरडा. त्याचे दोस्त त्या दिवसापासून आमचा जिना चढले नाहीत.

नलू: मी वहीत काय लिहू, आजी? बाजूने की विरुद्ध?

मंजुळाआजी: मला विचारतेस? मी चिकाच्या पडद्यामागे होते.

जाईबाई: माज्या आयेचं लिव. पुढल्या साली तापात गेली. चार दिसांत. बापूस बोटीवर व्हता, त्याला नंतर कळलं.

मंजुळाआजी: त्या वकिलांनी म्हातारपणी दत्ताचं देऊळ बांधलं. शास्त्रीबुवांचा नातू डॉक्टर झाला, बेडूक चिरायला शिकला. भटजी आमच्याकडे येत राहिले, पण सुतकाचं काही विचारलं की आधी पाणी मागायचे.

नलू: आणि पणजी?

मंजुळाआजी: अकरा साली गेली. जायच्या आधी रमाकांतला जवळ बसवलं आणि म्हणाली, माझं काही करू नकोस, एकदा बसलास तेवढं पुरे. त्याने नाही केलं. शब्द पाळला. दादरच्या शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवलं, मुलांना माशांची हाडं दाखवली. आणि दर साली आईची तिथी आली की माझ्याकडे यायचा, या इथे बसायचा आणि विचारायचा, "मंजुळे, करायला हवं होतं का ग?"

नलू: तू काय म्हणायचीस?

मंजुळाआजी: एका वर्षी हो म्हटलं, एका वर्षी नाही म्हटलं. दोन्ही वेळा तो बरं म्हणाला.