लाटणं पुढं, उजवा पाय

चंद्राबाई : बाबांनी होकार दिला असेल, मी नाही दिला. विमानात एकटीनं बसायचं म्हणजे काय ग, प्रतिमा? पडलीस तर?

प्रतिमा : पडता पडता सावरता येतं, म्हणूनच शिकवणारे सर उद्या जक्कूरच्या धावपट्टीवरून मला एकटीला सोडणार आहेत. आज मुद्दाम पाडलं आम्ही विमान.

चंद्राबाई : अय्यो! मुद्दाम?

प्रतिमा : इंजिन मंद केलं, नाक वर वर धरलं. वेग गेला की वाऱ्याचा आवाजच संपतो, आई. हातातला दांडा ढिला पडतो, सगळं थरथरतं आणि पंखांतला जोर जातो.

चंद्राबाई : मग नाक आणखी वर ओढायचं.

प्रतिमा : तीच तर चूक! माझेही हात ओढायलाच निघाले होते. ये, पाटावर बस. हे लाटणं म्हणजे दांडा, गुडघ्यांच्या मधे धर. पायांखाली या दोन करवंट्या, विमानाची शेपटी वळवायला.

चंद्राबाई : पोळ्या राहिल्यात माझ्या.

प्रतिमा : स्वल्प थांब ग. वेग संपला. डावा पंख खाली गेला. काय करशील?

चंद्राबाई : लाटणं उजवीकडे.

प्रतिमा : गेलीस! पंख आणखी पडला. आता गरगरत खाली.

चंद्राबाई : म्हणजे पडत्याला उचलायचं नाही?

प्रतिमा : लाटण्यानं नाही. ते मधोमध ठेवून सरळ पुढं कर, नाक खाली जाऊ दे. आणि उजवा पाय दाब. वेग आला की पंख वारा धरतात. मग हळूच मागं ओढ.

चंद्राबाई : पडताना जमिनीकडंच जायचं?

प्रतिमा : हो. समोर आभाळ उरतच नाही. देवनहळ्ळीचा किल्ला, तळी, नाचणीची शेतं, सगळं अंगावर येतं. फार घाबरले. तरी दांडा पुढं केला, आणि आवाज परत आला ग! दांडा हातात जिवंत झाला. एवढं मोठं आभाळ माझं ऐकत होतं. रडूच आलं मला.

(चंद्राबाई डोळे मिटते. लाटणं पुढं जातं, उजवी करवंटी दबते.)

चंद्राबाई : असं?

प्रतिमा : अगदी असंच.

चंद्राबाई : मी उठते, तू बस आता. मी पंख पाडते. चुकलीस तर उद्या दाराबाहेर पाऊल नाही.

प्रतिमा : पाड.

चंद्राबाई : उजवा गेला!

प्रतिमा : लाटणं पुढं. डावा पाय. वेग आला... आता पाय सैल, पंख सरळ, हळूच वर.

चंद्राबाई : सरी, ठीक आहे. जा उद्या.

प्रतिमा : आई! करवंट्या उचलू?

चंद्राबाई : असू देत. तू घरी येईपर्यंत तिथंच असू देत.