पाटातला मारुती

लढाईमुळं दुकानातला रंग मिळेनासा झाला होता, त्या सालची गोष्ट. जवळा बाजारच्या तेलघाण्यावर रांगेत माझ्या पुढं गोजरबाई होत्या आणि मागं पाराजी सुतार. दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते.

“पाराजी, काय लावलं तुमी आमच्या पाटाला?”

“जवसाचं तेल, तीन हात. काहून? रेषा उठल्या न्हाईत?”

“रेषा कुठल्या, मारुती उठला! शेपटीसगट.”

“बाई, ती शेपूट न्हाई, सागाची गाठ हाय. तेल पिलं की लाकूड पोटातलं दाखवतंच.”

“ते माह्या सासूला सांगा. शेंदूर लावून पाट देवघरात नेला त्यांनी. उद्या पोरीचं लगीन, नवरदेव कशावर बसवू?”

“दुसऱ्या पाटावर.”

“विहीणबाईनं नवा सागवानीच सांगितला. रुसायला निमित्त पाहून राहिल्या त्या.”

“मंग पाट उलटा करू. खालचे पाय काढून वरच्या अंगाला ठोकतो.”

“अन् त्या अंगाला तेल?”

“न्हाई बाई. अजून एखादा देव निघायचा.”

“सासू म्हनंल, मारुती दाबला.”

“म्हनावं, दाबला न्हाई, त्यानंच जावई उचलला. अख्खा डोंगर उचलनारा देव त्यो!”

“तुमी आमचा जावई पाह्यला न्हाई, पाराजी.”

“पाह्यला की. म्हनून तर चाराचे सहा पाय ठोकनार हाय.”