मधली लिफ्ट आणि गच्चीचं कुलूप

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. गमरे वहिनी, तुम्हाला वेगळा नमस्कार. मला भाषण जमत नाही, भांडण जमतं, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. पण वहिनी म्हणाल्या, "सुलभाताई, ह्यांच्याबद्दल तुम्हीच बोला." म्हणून उभी राहिलेय. आवाज बसलाय, सांभाळून घ्या.

एवढी माणसं या पार्किंगमध्ये एकत्र कधी दिसत नाहीत. मीटिंग म्हटलं की प्रत्येकाला काम निघतं. आज तिन्ही विंग आल्यात. दुःख झालंय म्हणून आलात, की कोण कोणाबद्दल काय बोलतंय ते ऐकायला? रागावू नका. कित्येक वर्षं भांड्यांच्या कारखान्याच्या गेटवर बायकांच्या पिशव्या तपासल्यात मी. माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या हातांकडे जाते.

आणि गमरेभाऊंनी नेमकं मलाच धरलं.

आठवतंय ना? नळाला पाणी कधी सोडायचं यावरून इथेच शिवीगाळ झाली होती. गमरेभाऊ उठले. म्हणाले, "ओरडू नका. सगळ्यांनी डोळे मिटा. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी नावं घेतो. सगळ्यात सोयीची वेळ आली की एक बोट वर करा. त्याखालोखाल चालेल तिला दोन. नकोच वाटते तिला तीन." मेहताभाई, तुम्ही म्हणालात, "अरे, सीधा हाथ उठाओ ना, इतना नाटक क्यूं?" गमरेभाऊ हसले. "हात उठाया तो सिर्फ पहला पता चलता है, भाई. दुसरं काय चालेल ते कळतच नाही. आणि आपलं जमणार असतं ते तिथेच."

मग माझ्याकडे वळले. "सुलभाताई, तुम्ही डोळे उघडे ठेवा. मी बरोबर मोजतोय का बघा."

मी विचारलं, मीच का?

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही म्हणून."

खरंच नव्हता. तुम्ही सगळे डोळे मिटून बोटं वर करायचात, ते मोजायचे, आणि मी तुमच्यावर नजर ठेवायचे. तुमच्यापेक्षा जास्त त्यांच्यावर. एवढा साधा माणूस, फुकट एवढी खटपट का करतो? काहीतरी असणारच, असं माझं मन सांगायचं.

मग लिफ्टचा विषय आला. जिने तीन, लिफ्ट एकच बसणार. मला वाटलं, आता पकडते यांना! गमरेभाऊ सी विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. छातीचं दुखणं. मोजणारेही तेच. मी पापणीही लवू दिली नाही.

त्यांनी स्वतःचं एक बोट सी विंगला वर केलं. लपवलं नाही. लिफ्ट त्यांना स्वतःच्याच दारात हवी होती. ए विंगवाल्यांनी ए ला एक दाखवलं, सी ला तीन. सी वाल्यांनी उलटं. मधली बी विंग मात्र जवळजवळ सगळ्यांना एक नाहीतर दोन. काही जणांनी तिला मुद्दाम तीन दाखवली, ते कोण हेही मला माहीत आहे. गमरेभाऊंनी मोजलं आणि सांगितलं, "लिफ्ट बी विंगला."

नुसते हात वर केले असते तर ए विंग जिंकली असती. माणसं त्यांचीच जास्त.

मी त्यांना नंतर जिन्यात गाठलं. म्हटलं, कोणाला किती गरज आहे ते विचारायचं होतंत. तुमची छाती, सी विंगमधल्या कदम आजींचे गुडघे, हे बोटांत कुठे दिसतं? ते म्हणाले, "गरज विचारली की सगळेच आजारी पडतात, ताई. क्रम विचारला की बरं. पण मग ज्याला जिना चढवत नाही त्याचं एक बोट, आणि ज्याला पिशवी उचलायचा कंटाळा त्याचंही एकच बोट. सारखंच दिसतं. म्हणून असं काही निवडायचं की कोणीच फार लांब पडणार नाही."

आणि लांब पडणारही नव्हतं कोणी. बी च्या लिफ्टने गच्चीवर जायचं, गच्ची ओलांडायची, आपल्या विंगच्या दारातून खाली उतरायचं. सोपं होतं.

मग सी विंगच्या गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

कोणी लावलं? कमिटी म्हणते आम्ही नाही. वॉचमन म्हणतो, "मुझे नहीं पता." मेहताभाई म्हणतात ए विंगचा संबंध नाही. बी वाल्यांना डोक्यावर पावलं वाजतात याचा त्रास होता, पण कुलूप त्यांचंही नाही. मग काय, कुलूप आपलं आपणच येऊन बसलं?

मी म्हटलं, किल्लीवाल्याला बोलावते, तोडून टाकू. गमरेभाऊंनी अडवलं. "तोडलं की उद्या दुसरं लागेल. ज्याने लावलं तोच काढेल." आणि ते जिना चढत राहिले. प्रत्येक मजल्यावर बसत, भिंतीला हात लावत. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिलंय. मी कुलूप म्हणणार नाही. पण तुमच्यातल्या एकाला रात्री झोप लागत नसेल, तर मला वाईट वाटणार नाही.

वर बघा. तिसरा मजला, सी विंग, खिडकी. कदम आजी. त्यांना सभेला यायचं होतं. गच्चीवर त्या हळूहळू चढू शकतात, पण तिथे कुलूप. आणि जिन्याने खालपर्यंत उतरल्या तर परत वर कसं जाणार? "माझ्या गमरेला फूलही वाहता येईना," म्हणून सकाळी रडल्या.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचंय. गमरेभाऊंच्या पद्धतीने, डोळे मिटून. फोटोसमोर टेबल आहे. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने ती फुलांशेजारी ठेवावी. कोणी विचारणार नाही.

तुम्ही म्हणाल, ही बाई बघणारच. बघितलंच असतं. आत्ताही कोण कोणाकडे चोरून बघतंय ते मला दिसतंय. पण भाऊ दरवेळी मला डोळे उघडे ठेवा म्हणायचे, आणि आज ते म्हणायला नाहीत.

भाऊ, रोज जिन्यात तुम्ही जय भीम म्हणायचात आणि मी नुसती मान हलवायचे. आज म्हणते. जय भीम.

चला, उभे राहा. मिटा डोळे. मीही मिटलेत.