मनोऱ्याला दार नव्हतं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, नव्या बॅरनसाहेबांचे कारभारी माननीय तिएरी, त्यांच्या शेजारी बसलेल्या, दोन दिवस चिखल तुडवत इथवर आलेल्या मठाधिकारी माता ओसान, आपले फादर, आणि या दालनात दाटीवाटीने बसलेल्या, दाराबाहेर टाचा उंचावून उभ्या असलेल्या मोंतोर्नीकर बंधुभगिनींनो,

आधी बातमी सांगतो, कारण कालपासून गावात तिची चार रूपं फिरताहेत. पॅरिसला राजाच्या न्यायसभेपुढे आपण केलेलं अपील फेटाळलं गेलं आहे. निकालपत्र राजाच्या शिपायाने काल दुपारी वेशीवर वाचलं. त्यावरचा शिक्का मी स्वतः उजेडात धरून पाहिला, आणि तो खरा असल्याचं कारभाऱ्यांनीही सांगितलं. मोंतोर्नीची गादी रनोसाहेबांकडे गेली. त्यांची पुतणी, आपल्या हेर्सांदबाईसाहेब, यांचा तिच्यावर काही हक्क उरला नाही. याच्या वर दाद मागायला जागा नाही. "देव आहे," असं फादर सकाळी म्हणाले. आहेच. पण त्याच्या न्यायालयाच्या तारखा आपल्याला कोण कळवणार?

क्षमा असावी, फादर.

कारभाऱ्यांनी मला बजावलं आहे, "बुवा, थोडक्यात आटपा. बाईसाहेबांचे गुण सांगा, खटला सांगू नका." रास्त आहे. एकेचाळीस वर्षं मी या गढीची कागदपत्रं लिहितो आहे. सांगितलेलं लिहायची सवय आहे. तेव्हा गुण सांगतो.

थोरले बॅरन ओदारसाहेब न्यायनिवाड्याला बसत, तेव्हा नात शेजारच्या स्टुलावर असे. तिचे वडील, म्हणजे साहेबांचा थोरला मुलगा, ती तीन वर्षांची असताना तापाने गेले होते. एकदा बांधावरच्या नाशपातीच्या झाडावरून दोन भाऊ भांडत आले. साहेबांनी तासभर ऐकलं आणि कंटाळून विचारलं, "हेर्सांद, तुझं काय मत?" नऊ वर्षांची पोर. ती म्हणाली, "खाली पडलेली फळं कोण खातं?" मागून कुणीतरी म्हणालं, "शेजारच्या ओदोंचं डुक्कर." "मग झाड ओदोंचं करून टाका," ती म्हणाली, "तो एकटाच भांडत नाहीये." हसू नकोस, ओदों, त्या झाडाच्या नाशपाती आज तुझ्याच टोपलीतून इथे आल्या आहेत.

साहेबांनी त्याच दिवशी मला सांगितलं, "आंसो, माझ्यामागे ही." मृत्युपत्रातही तेच लिहिलं, माझ्याच हाताने. आता तुम्ही विचाराल, थोरल्याची मुलगी मोठी की धाकटा मुलगा? चांगला प्रश्न आहे. आमची बाजूही चांगली होती. पण चौदा महिन्यांत एकाही न्यायाधीशाने तो प्रश्न विचारला नाही. का?

कारभारीसाहेब, मी गुणांवरच येतो आहे.

आपली गादी आपले वरचे धनी, व्हालब्रनचे काउंटसाहेब, यांच्याकडून आलेली. बॅरन वारला की वारसाने चाळीस दिवसांत काउंटकडे जायचं, डोकं उघडं ठेवून, कंबरपट्टा सोडून गुडघे टेकायचे आणि आपले जोडलेले हात त्यांच्या हातांत द्यायचे; हीच निष्ठेची शपथ, ती चुकली तर हक्क बुडाला. काउंट घरी नसले, तर त्यांच्या दाराशी तीनदा हाक मारायची, दाराच्या कडीचं चुंबन घ्यायचं आणि तसा कागद करायचा. हे आपल्याकडे पोरंसोरंही खेळतात.

ओदारसाहेब सेंट मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी गेले. बाईसाहेब नवव्या दिवशी निघाल्या. काउंट घरी नव्हते. शिकारीला गेले होते. शिकारीच्या रानात गेलो, तर ते बहिणीकडे गेले होते. बहिणीकडे गेलो, तर तिथे त्यांचा कुत्रा होता. असे आम्ही बर्फातून फिरत राहिलो आणि एकोणचाळिसाव्या दिवशी पुन्हा व्हालब्रनला आलो. पहारेकरी म्हणाला, "साहेब नाहीत." त्याच्या डोक्यावर स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. बाईसाहेबांनी वर पाहून वास घेतला. म्हणाल्या, "साहेब नाहीत, पण त्यांचं हरिण भाजतंय."

आता कडी. व्हालब्रनला जुना मनोरा आहे. आठ वर्षांपूर्वी तो जळला. दगडी कमान उरली. दार नाही, कडी नाही, आत कावळे. शेजारी नवा वाडा बांधला आहे, त्याला ओकचं दार आणि हातभर लोखंडी कडी. काउंट तिथेच राहतात.

बाईसाहेब थांबल्या. मला म्हणाल्या, "बुवा, आजोबांनी हात कुठे दिले होते?"

"मनोऱ्यात."

"मग मनोऱ्यापाशी जाऊ या."

"तिथे कडी कुठे आहे?" मी म्हणालो. "नसलेल्या कडीचं चुंबन घेतलं, असं कागदावर लिहू का? लोक हसतील."

"हसू देत. कमान तर आहे."

"बाईसाहेब," मी म्हणालो, "कागद मी लिहितो की तुम्ही?"

बंधूंनो, हे वाक्य माझं आहे. आवाजही चढा होता माझा.

त्यांनी नव्या दाराशी गुडघे टेकले. तीनदा हाक मारली. आतून कुणीतरी खोकलं. मग त्यांनी कडीला ओठ लावले. थंडी अशी होती, की ओठ लोखंडाला चिकटला. पहारेकरी ओरडला, "ओढू नका, बाई, गरम पाणी आणतो!" पण तोवर त्यांनी ओढला होता. खालच्या ओठावरचा तो पांढरा व्रण तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. तो कशाचा, ते आज कळलं असेल. मी कागद लिहिला. त्यावर एक थेंब पडला, तर मी म्हणालो, "राहू द्या, शोभतोय."

परतीच्या वाटेवर आम्ही सराईत थांबलो. गरम दारू घेतली. ओठ सुजलेला, तरी त्या हसत होत्या. "बुवा, एक दिवस आधी पोचलो आपण. आजोबा म्हणाले असते, उगाच घाई केलीत." तो चाळिसावा दिवस होता, बंधूंनो. आमच्या हातात तो पूर्ण दिवस होता आणि आम्ही त्यात दारू प्यायलो. नेमक्या त्याच दिवशी काउंट घरी सापडले. रनोसाहेब आले, त्या जळक्या कमानीखाली गुडघे टेकून त्यांनी काउंटच्या हातांत हात दिले. डोक्यावर कावळे. कुणीही हसलं नाही.

निकालात चार ओळी आहेत. मोंतोर्नीची गादी व्हालब्रनच्या मनोऱ्याकडून मिळालेली आहे, वाड्याकडून नव्हे. मनोऱ्याला दार असो वा नसो, मनोरा तो मनोरा. सबब मुदतीत वारस हजर झाला नाही. संपलं. मला यात एकही अक्षर चुकीचं सापडलं नाही, आणि मी फार शोधलं.

काल शिपाई गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. त्या पेटीत कपडे ठेवत होत्या. म्हणाल्या, "बसा, बुवा. उभे राहून तुमचे गुडघे दुखतील." मी म्हणालो, "तुम्ही बरोबर होतात." त्या म्हणाल्या, "हो." एवढंच. पुढे "जाऊ द्या" किंवा "असो" असं काही येईल म्हणून मी बराच वेळ बसलो. आलं नाही. बाईसाहेब खोटं बोलत नाहीत. कारभारीसाहेब, हा त्यांचा गुण मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

गावातल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी मेंढीच्या कातड्याचं पांघरूण शिवलं आहे. ते आत्ताच द्यायचं होतं. पण बाईसाहेबांना मठात न्यायला आलेल्या माता ओसान यांनी सांगितलं, की मठात कुणाचं स्वतःचं असं काही नसतं. पांघरूण घेऊ, आणि सगळ्यांत आजारी बहिणीला देऊ. बायकांनो, तुमचे टाके वाया जाणार नाहीत. कुणीतरी ऊबेत झोपेल.

या समारंभाला परवानगी दिल्याबद्दल रनोसाहेबांचे आभार. उपासाच्या आदल्या दिवशी एवढं मांस रांधणाऱ्या स्वयंपाकघराचे आभार. उद्यापासून उपासाचे, पुन्हा चाळीसच दिवस मोजायचे आहेत. ते तरी नीट मोजू. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. दुसऱ्या चुकीबद्दल मी सभेकडे काही मागत नाही. ती माफी देणारी व्यक्ती इथे बसली आहे, आणि तिला घाई करू नये.

उद्या राखेचा बुधवार. पहिल्या घंटेला कपाळाला राख लावून बाईसाहेब निघतील. दुसऱ्या घंटेला रनोसाहेब येतील आणि आपण सगळे या दालनात ओळीने गुडघे टेकून त्यांच्या हातांत हात देऊ. यादी मीच वाचणार आहे. पहिलं नाव माझं. तोवर बाईसाहेब नदी ओलांडून गेलेल्या असतील, आणि परवा संध्याकाळी मठाशी पोचतील. आज दुपारी मी माता ओसान यांना विचारून घेतलं, "मठाला दारं किती?" त्या म्हणाल्या, "एकच. कडी आतून."

या वेळी चूक होणार नाही.